गोंदूचा महिनाभराचा उपाय

एका गावात एक भोळा गडी होता. गोंदू त्याचं नाव. इतका भोळा, की वाटेत आपली सावली आडवी आली तर म्हणायचा, "जरा सरका." आणि सरकली की नमस्कार करायचा.

गोंदूच्या बहिणीचं, मंजुळाचं लग्न आठ दिवसांवर आलं आणि बापाच्या, सदोबाच्या, पायाचा अंगठा सुजला. वातरक्त! अंगठा लालभडक, हात लावला तर चटका. सदोबाला पाऊल टेकवेना. कन्यादान कोण करणार? घर हवालदिल झालं.

नानू वैद्य आले. म्हणाले, "डॉक्टरांची गोळी चालू ठेवा. मटण बंद, दारू बंद. जेवणात हळद असू द्या, फळं खा. आणि गोंदू, अंगठ्यासाठी रोज दोन आवळे. सूज ओसरायला मदत होते."

"बरं," गोंदू म्हणाला. त्याने दोन टपोरे आवळे आणले आणि सुतळीने अंगठ्याला आवळून बांधले.

सदोबाची बोंब वेशीपर्यंत गेली. "आरं गाढवा! सूज कुठंबी असू दे, आवळा तोंडात द्यायचा असतो!"

"बरं. आता तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी सनईवाला आला. लग्नात काय वाजवणार ते ऐकवायला ओट्यावर बसला. सूर लागला, गाल टम्म फुगले. गोंदूला बिचाऱ्याची फार दया आली. त्याने सनई ओढून काढली आणि तोंडात आवळा कोंबला. सनईवाल्याचे दात असे आंबले की दिवसभर नुसती फुसफुस.

सदोबाने कपाळावर हात मारला. "आरं, आधी इचारावं! दुखतंय का म्हणून!"

"बरं. आता तसंच करीन."

संध्याकाळी आई म्हणाली, "तव्यावरची भाकरी बघ रं, मी पाणी आणते." भाकरी टम्म फुगली. गोंदूने वाकून विचारलं, "दुखतंय का?" भाकरी गप्प. गोंदूने पुन्हा विचारलं. आई आली तेव्हा तव्यावर कोळसा होता आणि गोंदू अजून विचारतच होता.

"मेल्या, भाकरीला काय इचारतोस? कधी थांबायचं ते जाणत्या माणसाला इचारावं!"

"बरं." गोंदू थेट वैद्यांकडे गेला. "वैद्यबुवा, कधी थांबायचं?"

वैद्यांना वाटलं, आवळ्यांचं विचारतोय. "एकदा सुरू केलं की महिनाभर थांबायचं नाही. समोरचा कुरकुरला तरी थांबायचं नाही. गुण सावकाश येतो, बाबा."

"बरं."

गोळ्यांनी, पथ्याने अंगठ्याची सूज उतरली. सदोबा स्वतःच्या पायांनी मांडवात आला, कन्यादान केलं. त्याचे डोळे भरून आले. मग भटजी म्हणाले, "नवरीचा भाऊ कुठाय? कानपिळीला या. नवरदेवाचा कान पिळा."

गोंदूने कान पिळला. मांडव हसला. रिवाजाप्रमाणे नवरदेवाने टोपी-उपरणं दिलं. गोंदूने ते काखेत धरलं आणि दुसऱ्या हाताने पिळणं चालू ठेवलं.

"मेहुणे, झालं आता," नवरदेव म्हणाला.

"गुण सावकाश येतो."

"आई गं! थांबा की!"

"कुरकुरला तरी थांबायचं नाही."

चौघांनी ओढलं. गोंदूबरोबर कानही ओढला जायला लागला, तेव्हा नवरदेवच ओरडला, "राहू द्या! राहू द्या!"

शेवटी वऱ्हाडाची जीप निघाली. मागच्या सीटवर मंजुळा, मधे नवरदेव, पलीकडे कान धरून गोंदू. आईने पदर डोळ्यांना लावला. गावाने लेकीची पाठवणी पुष्कळदा पाहिली होती. लेकाची पहिल्यांदाच पाहिली.