वळणावरचा पाय

मोटारी आपसात बोलायच्या तेव्हाची गोष्ट. चिमणी नावाची शर्यतीची गाडी नेहमी एकाच वळणावर मागे पडे. तिचे मालक दौलतशेठ स्वतःच ती चालवत. "यंदा हरली तर भंगारात," असं बजावून त्यांनी तिच्या अंगभर सेन्सर चिकटवले. कुठे काय बिघडतंय ते मोजून पडद्यावर दाखवायचं, एवढंच सेन्सरांचं काम.

चाकाचा सेन्सर म्हणे मी ठीक, इंजिनाचा म्हणे मीही ठीक. तरी रोज तिचे टायर बदलले जात. चिमणी पुरती गोंधळली. तिने पेडलच्या सेन्सरला विचारलं, "बाबा रे, माझं दुखतंय तरी कुठे?"

"तुझं कशाला दुखेल? वळण आलं की शेठ घाबरून वेगाच्या पेडलवरचा पाय उचलतात. दर फेरीला पडद्यावर दाखवतो मी."

"मग कुणी बघत नाही?"

"बघतात की. शेठच बघतात."

सकाळी शेठनी पडदा निरखला आणि मेकॅनिकला हाक मारली, "यासीनभाई, दोष सापडला. हा पेडलचा सेन्सर बिघडलाय, काढून टाका."

यासीनभाई मिशीत हसत पाना शोधू लागला.

शर्यतीत चिमणी त्याच वळणावर मागे पडली. भंगाराच्या टेम्पोत चढताना तिने उरलेल्या सेन्सरांना विचारलं, "आता तरी सांगा, चुकलं काय?"

"काही नाही, सगळं ठीक आहे," ते एका सुरात म्हणाले.