कासारणीच्या मिटल्या मुठीची कहाणी

ऐका कालिकामाते, तुमची कहाणी. बायांनो, तांदळाचे पाच दाणे हातात घ्या, मूठ मिटा, मी सांगेन तेव्हाच उघडा.

आटपाट नगर होतं. नगराला वेस होती, वेशीपाशी तहसील होती, तहसिलीमागं कासारआळी होती. तिथं एक कासार राहत असे. त्याची बायको गोपिका, थोरली लेक सुगंधा, धाकटी लेक वैजू. कासाराचं पेठेत बांगड्यांचं दुकान होतं. चालेनासं झालं, विकून टाकलं. घरात खायचे वांधे झाले. पण कासार म्हणे, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणापुढं रडायचं नाही."

मग गोपिका काय करी? सणावारी दार लोटून घेई, चुलीवर कोरडा तवा तापवी, वर पाण्याचे थेंब शिंपडी. चर्र वाजे. शेजारणी म्हणत, कासारणीकडे आज थालीपीठ आहे हो! हसू नका बायांनो. असा तवा कुणाकुणाच्या घरी आहे, मला ठाऊक आहे.

पुढं कासार वारला. गोपिकेनं बांगड्यांची पेटी डोक्यावर घेतली, दारोदार बांगड्या भरू लागली. बायकांचा हात हातात घ्यावा, म्हणावं, "हात सैल सोडा बाई, म्हणजे बांगडी चढते. आवळाल तर फुटते." साऱ्या नगराला हे सांगे. स्वतःला कधी सांगितलं नाही.

अशी वर्षं गेली. सुगंधा बारावी झाली. चांगल्या मार्कांनी झाली. जिल्ह्याच्या गावी नर्सिंगच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. घरी आनंद झाला, पण फी केवढी! मग शाळेतल्या बाई म्हणाल्या, "घाबरू नका गोपिकाबाई. उत्पन्नाचा दाखला काढा. कमी उत्पन्नाच्या मुलींना फी माफ होते, वसतिगृहही मिळतं."

मायलेकी दाखल्यासाठी गेल्या. तलाठ्यापुढं रांग होती. रांगेत पाटलीणबाई होत्या, पेठेतली शेटाणी होती, सगळी गोपिकेकडून बांगड्या भरून घेणारी गिऱ्हाइकं. तलाठ्यानं विचारलं, "वर्षाचं उत्पन्न किती?" वर्षाला पन्नास हजारही हाती येत नव्हते. पण मागं पाटलीणबाई ऐकत होत्या. गोपिका म्हणाली, "पाच लाख." सुगंधानं आईचा पदर ओढला. तलाठी म्हणाला, "बाई, नीट सांगा." गोपिका म्हणाली, "पाच लाख. पेठेत दुकान आहे आमचं." सुगंधानं पुन्हा पदर ओढला. तलाठी म्हणाला, "शेवटचं विचारतो. लिहू?" सुगंधानं तिसऱ्यांदा पदर ओढला. गोपिका म्हणाली, "लिहा."

तलाठ्यानं लिहिलं. तहसीलदारानं शिक्का मारला.

मग कॉलेजातले कारकून दाखला पाहून म्हणाले, "तुम्ही तर खात्यापित्या घरच्या. पूर्ण फी भरा." सुगंधा म्हणाली, "आई, चल परत जाऊ, खरं सांगू." गोपिका म्हणाली, "काल दुकान आहे म्हटलं, आज नाही म्हणू? लोक तोंडात शेण घालतील."

मग बाई म्हणाल्या, "तुमच्या समाजाचं मंडळ आहे, तिथं अर्ज करा." गोपिका म्हणाली, "भाऊबंदांपुढं हात पसरू? नाही." मग बाई म्हणाल्या, "एका कॉलेजात कमवा आणि शिका अशी योजना आहे. मुलगी दोन तास काम करील, बाकी वेळ शिकेल." गोपिका म्हणाली, "कासाराची लेक लोकांची भांडी घासणार? मुळीच नाही." बाईंनी कपाळाला हात लावला.

तारीख टळली. सुगंधाचा नंबर दुसऱ्या कुणाला गेला. ती रडली नाही, ओरडली नाही. पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घातली, वैजूसाठी फळीवर ठेवली, आणि बांगड्यांची दुसरी पेटी डोक्यावर घेतली. आळीत गोपिका सांगत सुटली, "आमच्या मुलीलाच शिकायचं नव्हतं." तेही सुगंधानं ऐकून घेतलं.

सात वर्षं गेली. वैजू बारावी झाली. तिचाही नंबर त्याच कॉलेजात लागला. पुन्हा तीच फी, पुन्हा तोच दाखला. गोपिकेनं दार लोटून घेतलं, तवा तापवला, पाणी शिंपडलं. इतक्यात दारावर थाप पडली. पाहते तर एक म्हातारी, कपाळावर मळवट, डोळे निखाऱ्यासारखे. म्हणाली, "कासारणी, बांगड्या भर."

गोपिकेनं तिचा हात धरला. मूठ घट्ट मिटलेली. हिरवी बांगडी घातली, फुटली. पिवळी घातली, फुटली. लाल घातली, तीही फुटली. गोपिका म्हणाली, "आजी, हात सैल सोडा की!" म्हातारी म्हणाली, "आधी तू सोड."

गोपिकेनं ओळखलं. पायांवर पडली, म्हणाली, "माते, काय करू?" देवी म्हणाली, "माझा वसा घे." "वसा काय करावा?" "पाच मंगळवार पाच दारी जावं. तळहातावर तांदूळ घ्यावेत, तळहात उघडा ठेवावा. घरात किती आहे, किती नाही, लेकीला काय शिकायचं आहे, हे मोठ्यानं सांगावं. पैसे मागू नयेत, वाट विचारावी. लाजणार नाही, लपवणार नाही, घेतला वसा टाकणार नाही, असं म्हणावं." इतकं सांगून देवी दिसेनाशी झाली. खाली काचा तेवढ्या उरल्या.

पहिल्या मंगळवारी गोपिका पाटलीणबाईंच्या दारी गेली. तळहात उघडला, सारं सांगितलं. पाटलीणबाई म्हणाल्या, "कासारणी, तुझ्या तव्याचा नुसता आवाज यायचा गं, वास कधी आला नाही. तलाठ्यापुढं तू पाच लाख म्हणालीस तेव्हाही मला ठाऊक होतं. बोलले असते तर तुझी अब्रू गेली असती, म्हणून तोंड मिटून उभी राहिले. तू विचारशील, म्हणून वाट पाहिली." गोपिका उंबऱ्यावरच बसली. जिच्यापासून लपवलं, तिला सगळं ठाऊक होतं. मग लपवलं कुणासाठी?

पाटलीणबाईंनी वाट सांगितली, "आधी खरा दाखला काढ." दुसऱ्या मंगळवारी तलाठ्यानं खरं ते लिहून घेतलं. तिसऱ्या मंगळवारी शाळेतल्या बाईंनी अर्ज भरून दिला. चौथ्या मंगळवारी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "अहो, मुलींच्या शिक्षणासाठी दरसाल पैसे ठेवतो आम्ही. कुणी मागायलाच येत नाही." पाचव्या मंगळवारी कॉलेजच्या दारी गेली, फी माफ झाली, वसतिगृहाची खोली मिळाली. वैजूनं ताईची खाकी कव्हरांची पुस्तकं ट्रंकेत घातली आणि कॉलेजला गेली.

शिकली, नर्स झाली, जिल्ह्याच्या दवाखान्यात लागली. पहिल्या सुट्टीला घरी आली. सुगंधानं पेटीतून चांगल्यातल्या बांगड्या काढल्या. वैजू म्हणाली, "ताई, वॉर्डात बांगड्या चालत नाहीत गं." सुगंधानं तिचे मोकळे हात हातात घेतले. तिच्या स्वतःच्या बोटांवर काचेचे बारीक बारीक ओरखडे होते. म्हणाली, "बरे दिसतात तुझे हात असेच." आणि बांगड्या परत पेटीत ठेवल्या.

गोपिकेच्या काळजात चर्र झालं. देवीपुढं गेली, म्हणाली, "माते, धाकटीला दिलंस, आता थोरलीलाही दे. मी पुन्हा पाच दारं हिंडते, पन्नास दारं हिंडते." देवी म्हणाली, "वाट होती तेव्हा तीनदा दाखवली. गेलेली वर्षं माझ्या ओटीत नाहीत."

मग गोपिका सुगंधापाशी आली. "पोरी, माझं चुकलं. रागावली आहेस का माझ्यावर?" सुगंधा बांगड्या मापाप्रमाणं लावत होती. म्हणाली, "राग नाही गं आई. पण त्या दिवशी मी तीनदा पदर ओढला होता."

तेव्हापासून गोपिका दर मंगळवारी बायका जमवते, हातात दाणे देते, आणि ही कहाणी सांगते. मीच ती.

आता मुठी उघडा, बायांनो. ज्या घरी मुलगी शिकायची आहे, त्या घरी हे दाणे न्या, आणि घरात नाही ते नाही म्हणा. धाकटीला जसं फळ मिळालं, तसं तुम्हां-आम्हां सर्वांच्या लेकींना मिळो. थोरलीसारखं कुणाला न होवो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं संपूर्ण. सुफळ म्हणायचं की नाही, ते तिथं दाराशी बसलेल्या माझ्या सुगंधाला विचारा.