लेबल लावलेला भागुजी

तिसगावात एक भोळा राहायचा, नाव भागुजी. वय बत्तीस. पाच ठिकाणांहून नकार आलेला. सहावं स्थळ आलं तेव्हा त्याची आई सगुणाबाई म्हणाली, "भागू, एवढं जमू दे बाबा. मी सांगते तेवढंच कर." भागुजी नेहमी तेवढंच करायचा. घोळ तिथेच व्हायचा.

मुलीचे मामा घर बघायला येणार होते. त्याच सकाळी भागुजीने पारावर ऐकलं, की चहाच्या मळ्यात औषध फवारतात आणि ते पानावर तसंच राहतं. तो घाबरून घरी आला.

"आई, फवारलेलं असलं तर काय करायचं?"

आई वांगी चिरत होती. "पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं."

भागुजीने चहापावडर फडक्यात बांधून नळाखाली धरली. अकराव्यांदा पाणी स्वच्छ आलं. त्या पावडरीचा चहा झाला. मामा भले माणूस. घोट घेऊन म्हणाले, "दूध चांगलं आहे." आणि रविवारी मुलगी बघायला या म्हणून सांगून गेले.

आई भडकली. "चहा धुतात होय रे? सेंद्रिय आणायचा. त्याला लेबल असतं. लेबल असलं की धुवायला लागत नाही."

भागुजी दुकानात गेला. पोपटशेठने नेहमीचाच पुडा काढला, गल्ल्यातून एक लेबल काढलं आणि थुंकी लावून चिकटवलं.

"घे. सेंद्रिय."

"एवढ्यात झाला?"

"लगेच होतो."

भागुजीला फार बरं वाटलं. त्याने आणखी दोन लेबलं मागितली. शेठने जुनी पडलेली दोन दिली.

एक त्याने मेथीच्या जुडीवर चिकटवलं आणि चिखलासकट भाजी फोडणीला टाकली. आईच्या दाताखाली खडा आला.

"मेल्या, घरच्या भाजीला कशाला लेबल? ते परक्या माणसाची खात्री पटावी म्हणून असतं."

हे मात्र भागुजीने नीट ध्यानात ठेवलं.

रविवारी दोघं मुलीकडे गेले. आईला सर्दी झाली होती, म्हणून तिला वाटेत कसलाच वास आला नाही. मुलगी, वनिता, चहा घेऊन आली. मामांनी विचारलं, "मुलाला काही व्यसन वगैरे?"

"सुपारीचंसुद्धा नाही," आई म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात. खात्री काय?"

भागुजी याचीच वाट बघत होता. त्याने सदऱ्याची बटणं काढली. छातीवर लेबल होतं. शंभर टक्के सेंद्रिय.

वनिताने नाकाला पदर लावला. "अहो, अंघोळ?"

"लेबल असलं की धुवायला लागत नाही," भागुजी म्हणाला.

वनिता शिकलेली होती. तिने लांबूनच खालची बारीक ओळ वाचली. "पण याची मुदत गेल्या चैत्रात संपलीय."

भागुजीचा चेहरा पडला. सहावं स्थळ, आणि मुलगी त्याला मनापासून आवडली होती. तो क्षणभर विचारात पडला आणि उठून परसात गेला. चहा निवला. मग नळाचा आवाज आला, आणि त्यामागून भागुजीचा.

"आई, मामांना थोडं थांबायला सांग. अजून पाणी गढूळच येतंय."