शेंडेनक्षत्राचं गाठोडं

फार पूर्वी, पाऊस म्हणजे काय हेही कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. सूर्यापासून लांब, जिथं त्याचं ऊन पोचता पोचता गारठून जायचं, तिथं बर्फाच्या गोळ्यांची वस्ती होती. वस्तीत दोन बहिणी शेजारी शेजारी राहत. तिथली रीत कडक होती: जन्माला येताना मिळालेलं गाठोडं कधी सोडायचं नाही. त्यात असायचं काय, तर थोडं गोठलेलं पाणी आणि चिमूटभर काळी धूळ. पण राखण मात्र सोन्यानाण्याची.

थोरलीनं रीत पाळली. धाकटीला मात्र जवळून जाणाऱ्या एका ताऱ्याचा धक्का लागला आणि ती गडगडत सूर्याकडे निघाली. उन्हात गाठोड्याची गाठ सैल झाली, आतली वाफ आणि धूळ मागे उडाली आणि तिला लांबलचक, झळझळीत शेपटी फुटली; ती शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू झाली. मग काय विचारता! दर फेरीला ती आकाशभर मिरवून यायची. घरी आली की थोरली बजावायची, अगं, जरा अंगाकडे बघ. पण ऐकतंय कोण.

एका फेरीत वाटेवर पृथ्वी भेटली. तेव्हा ती नुसता उघडाबोडका, ठणठणीत कोरडा दगड होती. शेपटीचं कौतुक तिनं केलंच नाही.

"बाई, हे तर तुझंच पाणी उडून चाललंय," ती म्हणाली. "पोकळीत कशाला सांडतेस? मी केव्हाची तहानलेली आहे."

धाकटीनं पहिल्यांदाच स्वतःकडे नीट पाहिलं. ती निम्मीही उरली नव्हती. तिला रडू फुटलं. घरी परतून गाठ घट्ट बांधली असती, तर उरलंसुरलं तरी वाचलं असतं. पृथ्वीला दिलं, तर ती स्वतः उरणार नव्हती.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

"वाटणारच," पृथ्वी म्हणाली. "पण तुझ्यातला कणही मी वाया जाऊ देणार नाही."

धाकटीनं डोळे पुसले आणि वाट बदलली. मोठा दणका झाला. खळग्यात पाणी साचलं, त्यात काळी धूळ भिजली. तिचं पाहून वस्तीतले आणखी काहीजण आले. पुढं युगं लोटली आणि एके दिवशी त्या चिखलात काहीतरी हळूच हललं.

थोरली अजून तिथंच होती, जशीच्या तशी. एकदा तिला दूरवर एक निळा ठिपका दिसला. हे कोण, असं तिनं फेरीवरून परतलेल्या शेजाऱ्याला विचारलं.

"ओळखलं नाहीस? तुझी धाकटी," तो म्हणाला.

थोरली कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं पोटाशी धरलेलं गाठोडं सोडायला घेतलं. पण ते इतकं गोठलं होतं, की गाठ काही केल्या सुटेना.

तात्पर्य: मिरवण्यात गेलं ते विरलं, जपून ठेवलं ते गोठलं, तहानलेल्याच्या ओंजळीत पडलं, तेच रुजलं.