आखडलेलं कार्ड

पुन्हा सांगायला लावताय. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यात तोंडात दात नाहीत. ऐका एकदाच.

मिरजेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. पूर्वी बिस्किटाच्या पुड्यात क्रिकेटवाल्यांची कार्डं निघायची, त्यांचे मोठे जाणकार राजोपाध्ये तिथं बसले होते. त्यांच्या एका कार्डापायी माझा शेजारी सदू लोणारी बापानं जमवलेला अख्खा आल्बम द्यायला निघाला. तेच कार्ड सदूकडेही होतं, पण कोपरे झिजलेलं.

"आमचे कोपरे बघा, कसे धारदार," राजोपाध्ये म्हणाले.

मी चाळीस वर्षं पुस्तकबांधणी केली. ताजी कापलेली कड मला कळते. मी दोन्ही कार्डं एकावर एक ठेवली. त्यांचं चारी बाजूंनी सूतभर लहान भरलं.

"हे कापलंय," मी म्हणालो.

"अडाणी आहात. जुना कागद आखडतो."

"आखडतो की. मग फलंदाजाची बॅट दोन्हीकडं सारखीच कशी? नुसता भोवतीचा पांढरा काठच आखडला होय?"

लोक हसले. सदूनं आल्बम काखेत मारला.

मला चारचौघांत अडाणी म्हणाला, त्याची माफी अजून यायची आहे. नाव पुरतं लिहून घ्या: गजानन त्र्यंबक राजोपाध्ये.