साळूचा खुळखुळा आणि कोल्ह्याची सोय

एका जंगलात एक साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असतात ना, ती. त्याच जंगलात एक कोल्हा पण राहायचा. त्याच्या अंगावर एकही काटा नव्हता, तरी सगळ्यांना टोचायचा मात्र तोच.

जंगलातल्या टेकडीवर काजव्यांचं एक झाड होतं. संध्याकाळ झाली की काजवे एका लांबलचक वेलीवर उतरायचे आणि वेलीवरून चालत चालत प्रत्येकाच्या दारात यायचे. घराघरात उजेड! या उजेडाची सगळ्यांना इतकी सवय लागली होती की घुबडसुद्धा काजवा असल्याशिवाय रात्री बाहेर पडत नव्हतं. घुबड! आता बोला.

वेलीची देखरेख कोल्ह्याकडे होती. देखरेख म्हणजे काय, तर वेलीखाली पाय पसरून पडायचं. दरवर्षी वादळाचे दिवस आले की सोसाट्याचा वारा सुटायचा, एखादी वाळकी फांदी वेलीवर पडायची, वेल तुटायची आणि जंगलभर एकच ओरडा व्हायचा, "गेऽऽली!" मग सगळे कोल्ह्याकडे पळायचे. कोल्हा जांभई देत म्हणायचा, "वरून गेलीय. येईल." वरून म्हणजे कुठून आणि येईल म्हणजे कधी, हे विचारायचं नाही. विचारलं की म्हणणार, "मी काय काजवा आहे का?" बघा हां, उजेड असला की तो याच्यामुळे, आणि गेला की वरून. वा रे वा!

साळूला याचा कंटाळा आला होता. त्या वर्षी वादळाचे दिवस जवळ आले, तशी ती भर दुपारी आपल्या दोन्ही पोरांना घेऊन दारात बसली.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "पाण्याचा भोपळा कुठंय?"

"आत शिरलं की डाव्या हाताला!"

"चमकणारं लाकूड?"

"दारात, वरच्या फटीत, ओल्या शेवाळात!"

"आणि घरात पाणी शिरलं तर?"

"तुझ्या खुळखुळ्याच्या मागे मागे वरच्या कातळावर! आई, दादा डोळे किलकिले करतोय!"

"नाही हां! माझे असेच आहेत!"

साळूच्या शेपटीतले काटे आतून पोकळ असतात. शेपूट हलवली की खुळखुळ वाजते. ती पुढे वाजवत चालायची आणि पोरं डोळे मिटून मागे. आधी दगडाला धडकली, मग एकमेकांना धडकली, पण रोज करून करून त्यांना न बघता कातळापर्यंत जाता यायला लागलं.

बघणारे पोट धरून हसायचे. माकड फांदीवरून ओरडलं, "काय साळूबाई, लपाछपी का? राज्य कुणावर आहे?"

"आज माझ्यावर आहे," साळू म्हणाली. "वादळ आलं की तुझ्यावर येईल."

एक ससीण मात्र हसली नाही. तिचं बीळ ओढ्याच्या अगदी काठाला होतं आणि आत तीन पिल्लं होती, नुकतीच डोळे उघडलेली. ती हळूच म्हणाली, "ताई, मला पण शिकव ना."

साळूने तिला आपल्या लाकडातला एक तुकडा तोडून दिला. कुजक्या लाकडावर पावसात एक बुरशी धरते, ती अंधारात हिरवी हिरवी चमकते. "हे दारातच ठेव," साळूने सांगितलं, "आणि रोज पाण्याचा हबका मार. वाळलं की विझलं. उद्यापासून तू पण डोळे मिटून चालायला ये."

हे कोल्ह्याच्या कानावर गेलं आणि त्याचं डोकंच फिरलं. लोक आपापली तयारी करायला लागले तर याला विचारणार कोण? तो तरातरा आला. "काय गं साळू, वादळाचा पत्ता नाही आणि भर दुपारी अंधार अंधार करत बसलीस? लोकांना घाबरवतेस?" मग सगळ्यांकडे वळून गोड आवाजात म्हणाला, "हे बघा, कुणी घरात काही ठेवायचं नाही. ज्याच्याकडे चमकणारं लाकूड असेल त्याने माझ्या गुहेत आणून द्यावं. वेळ आली की मी वाटीन. सोय केलेली आहे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवणार? काहीच करायचं नाही म्हटल्यावर कुणाला आनंद होत नाही!

ज्यांच्याकडे असं लाकूड होतं त्यांनी ते नेऊन दिलं. ससीणही घाबरत घाबरत आपला तुकडा घेऊन गेली. "कोल्होबा, याच्यावर रोज पाण्याचा..."

"मला शिकवू नकोस," कोल्हा म्हणाला.

साळूने काही दिलं नाही. "माझं लाकूड माझ्या दारात राहील. तुला वेल सांभाळता येईना, लाकूड काय सांभाळणार?" तिने ससिणीला डोळे मिटून चालायला परत बोलावलं, पण ससीण म्हणाली, "नको ताई, कोल्होबा चिडतील. आणि सोय केलेली आहे ना."

मग एके दिवशी काजवे दारात यायच्या वेळेला वादळ आलं. वारा असा की माकडाला फांदी सापडेना. कडाड आवाज झाला, वेल तुटली, आणि जंगलभर ओरडा झाला, "गेऽऽली!"

ससीण बिळाच्या तोंडाशी बसून राहिली. येईल, येईल. सगळ्यांना तीच सवय. उजेड काही आला नाही, पण पाय ओले झाले. ओढा चढत होता. ती पडत धडपडत कोल्ह्याच्या गुहेकडे पळाली.

"कोल्होबा! घरात पाणी शिरतंय! पिल्लं आत आहेत!"

आतून आवाज आला, "वरून गेलीय."

"मला काजवे नकोत, माझं लाकूड द्या!"

"देतो गं, देतो. घाई काय आहे? सोय केलेली आहे." आत धाड झालं, धूड झालं, कोल्हा "अयाई गं" म्हणाला, आणि मग काय म्हणाला माहितीये? म्हणाला, "इथंच कुठंतरी आत ठेवलंय. जरा उजेड असता ना, तर लगेच सापडलं असतं."

ऐकलंत? अंधारात लागणारी वस्तू याने अशा जागी ठेवली होती की ती शोधायलाच उजेड लागावा! आणि तिकडे त्या तीन पिल्लांच्या पोटापर्यंत पाणी आलेलं.

शेवटी लाकडं सापडली. सुक्या गवतात छान गुंडाळून ठेवलेली, पापडासारखी कडक. एकही चमकेना.

"ओली ठेवायची होती!" ससीण रडायला लागली.

"मग तसं आधी सांगायचं ना," कोल्हा म्हणाला.

हो! हे वाक्य त्याने खरंच तोंडातून काढलं. लाज नाही वाटली.

ससीण तशीच मागे पळाली. पण अंधारात तिला स्वतःचं घरच सापडेना. काट्यात शिरली, चिखलात पडली, पाण्याच्या आवाजात पिल्लांचा आवाजही येईना. तेवढ्यात तिला ऐकू आलं, खुळखुळ, खुळखुळ. आणि एक हिरवा ठिपका हलताना दिसला.

"माझी पोरं कातळावर पोचली," साळू धापा टाकत म्हणाली. ती ससिणीच्या बिळासमोरच उभी होती. "काट्यांमुळे मला आत येता येणार नाही. हे लाकूड तोंडात धर आणि जा. मी इथे वाजवत राहते. आवाज येईल तिकडे बाहेर."

ससीण आत घुसली. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती. पण तोंड एकच. त्यात लाकूड धरणार की पिल्लू? तिने लाकूड मातीत खोचलं, एका पिल्लाला मानेला धरलं आणि आवाजाच्या दिशेने बाहेर. दुसरं पिल्लू, परत बाहेर. तिसऱ्यासाठी वळली तर पाण्याचा लोंढा आला आणि लाकूडच वाहून गेलं. काळाकुट्ट अंधार.

"ताई, काही दिसत नाही!"

"दिसायचं सोड! दोनदा गेलीस ना आत्ता? पाय नेतील तुला. पिल्लाला धर आणि मला ऐक!" साळूने अशी शेपूट हलवली, अशी हलवली की दोन काटे गळून पडले.

खुळखुळ, खुळखुळ, खुळखुळ. आणि त्या आवाजामागे ससीण बाहेर आली. नाकातोंडात पाणी, दातांत तिसरं पिल्लू. पिल्लू शिंकलं, तेव्हा कुठे साळूच्या जिवात जीव आला.

मग त्याच खुळखुळ्यामागे माकड आलं, घुबड आलं, सगळे ओळीने कातळावर चढले. कोल्हासुद्धा आला. आणि आल्या आल्या ओलीचिंब पिल्लं बाजूला सरकवून सगळ्यात कोरडी जागा त्यानेच पकडली.

सकाळी ऊन पडलं. कोल्हा अंग झटकून कातळाच्या टोकावर उभा राहिला. "बघितलंत ना? कुणालाही काही झालं नाही. कारण काय? आधीपासून सोय केलेली होती!"

माकडाने सवयीने टाळीसाठी हात उचलले. तेवढ्यात ससीण पुढे आली. तीच ती, कुणापुढे तोंड न उघडणारी. कानांपर्यंत चिखल लागलेला.

"कोल्होबा, डोळे मिटा," ती म्हणाली.

"का?"

"मिटा. आणि तुमच्या गुहेपर्यंत चालून दाखवा."

"वेडी आहेस का? चांगलं ऊन पडलंय. आत्ता डोळे कशाला मिटायचे?"

"काल मिटायचे राहिले म्हणून."

माकडाचे हात तसेच खाली आले. घुबड म्हणालं, "मिटा की कोल्होबा. सोय केलेली आहे ना?" मग सगळेच ओरडायला लागले, "मिटा! मिटा! किलकिले नाही हां!"

सगळे बघतायत म्हटल्यावर कोल्ह्याला डोळे मिटावे लागले. छाती काढून तो ऐटीत निघाला. त्याच्या वाटेत साळू बसली होती. तिला सरकता आलं असतं. ती सरकली नाही.

"आईऽऽऽ गं!"

कोल्ह्याच्या नाकातले काटे उपटायला दुपार झाली. तोवर ससीण पिल्लांना घेऊन बसली होती, साळूने दिलेला नवा ओला तुकडा शेजारी ठेवून. "डोळे मिटा," ती पिल्लांना सांगत होती. "आता आवाज कुठून येतोय, तिकडे चला." मागे माकड चालत होतं, डोळे घट्ट मिटून, आणि ते दर पावलाला घुबडावर धडकत होतं. या वेळी कुणीही हसलं नाही.

तात्पर्य : अंधाराची तयारी उजेड असतानाच करायची, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरात. आणि कुणी "सोय केलेली आहे" म्हणालं, तर आधी त्याला डोळे मिटून चालायला लावायचं.