दोनशे पावले

एकदा एका चित्रकलेच्या शिक्षिकेने तीन तासांशी वैर धरले. तिच्या शहरातल्या तलावावर दरवर्षी ट्रायथलॉन होई. दीड किलोमीटर पोहायचे, ओल्या अंगाने सायकलवर बसून चाळीस किलोमीटर जायचे आणि सायकल ठेवून तसेच दहा किलोमीटर धावायचे. हे सारे तीन तासांच्या आत करणाऱ्या स्त्रीला राज्याच्या संघात स्थान मिळे. शिक्षिकेला पहिल्या वर्षी सहा मिनिटे जास्त लागली, दुसऱ्या वर्षी चार, तिसऱ्या वर्षी पुन्हा सहा. संघासाठी वयाची मर्यादा चाळीस होती आणि तिचे एकोणचाळिसावे सरत आले होते. प्रयत्न उरला होता एकच.

कोडे असे, की सोमवारी पोहताना, बुधवारी सायकल चालवताना आणि शनिवारी धावताना तिची वेळ उत्तम असे. तिन्हींची बेरीज दोन तास चौपन्न मिनिटे. शाळेतले सहकारी म्हणत, “बाई, यंदा तुम्ही घरी थांबा, तो बेरजेचा कागदच पाठवा स्पर्धेला.” ती हसे, पण ते बोलणे तिला लागे.

तलावाच्या काठी एक वृद्ध वस्ताद राहत. दोन पिढ्यांना त्यांनी पोहायला शिकवले होते. शिक्षिका त्यांच्याकडे गेली आणि पोहण्यातली दोन-चार मिनिटे कमी करून द्या म्हणाली. वस्तादांनी तिचे सगळे ऐकून घेतले आणि पोहण्याविषयी अवाक्षरही काढले नाही. त्यांनी सांगितले ते एवढेच : सायकल दमेपर्यंत चालवायची, तलावाच्या कट्ट्यापाशी उतरायचे, दोनशे पावले धावायचे आणि थांबायचे. मग पुन्हा सायकल. असे पाच वेळा, आठवड्यातून तीन दिवस.

सायकलवरून उतरल्यावर तिचे पाय लाकडाचे होत. गुडघे वळत नसत, कंबर सरळ होत नसे, चाल बदकासारखी पडे. दीडशे-पावणेदोनशे पावलांनंतर पाय जरा मोकळे होऊ लागत, आणि नेमकी तेव्हाच वस्तादांची काठी वर होई. थांब. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना ही आयतीच करमणूक झाली. एकाने विचारलेही, “वस्ताद, बाईंना पळायला शिकवताय की लंगडायला?” वस्ताद हसले. शिक्षिकेला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले.

चौथ्या आठवड्यात तिचा धीर सुटला. सायकल कट्ट्याला टेकवून ती म्हणाली, “वस्ताद, मला दहा किलोमीटर धावायचंय. तुम्ही मला धावूच देत नाही.”



“धावणं तुला येतं, बाळ,” ते म्हणाले. “शेवटच्या रेषेपाशी फार गर्दी असते, मला धक्के सोसत नाहीत. म्हणून तीन वर्षं मी शर्यत इथं बसून बघतो, सायकली ठेवतात तिथं. तिन्ही वर्षं तू उतरलीस, पाय जड लागले आणि तुझा चेहरा पडला. आज काही खरं नाही, असं तू तिथंच ठरवलंस. मग ते भरून काढायला जीव तोडून पळालीस, आणि सातव्या किलोमीटरला, याच कट्ट्यासमोर, चालायला लागलीस. खरं ना?”

सातव्या किलोमीटरचे तिने कोणालाच सांगितले नव्हते.

“पाय जड होतात ते सगळ्यांचेच. थोड्या वेळाने सुटतात. पण त्या अवघडलेल्या पावलांचा सराव कोणी करत नाही, कारण त्यात कोणी चांगलं दिसत नाही. आपण अवघडलेली सुरुवात बघतो आणि तीच आपली कुवत धरून चालतो.”

शिक्षिकेने सायकल पुन्हा वळवली.

स्पर्धेच्या दिवशी ती पाण्यातून निघाली, सायकलवरून उतरली, आणि पाय लाकडाचे झाले. ओळखीची भीतीही आली. पण या खेपेस पाय थोड्या वेळाने सुटतात हे तिला ठाऊक होते. तिच्यामागून आलेल्या चौघीजणी पुढे निघून गेल्या, तिने जाऊ दिल्या. ती लहान पावले टाकत राहिली. मग गुडघे सुटले, श्वास बसला, कंबर सरळ झाली. पाचव्या किलोमीटरला तिने त्यांतल्या दोघींना गाठले. सातवा आला तेव्हा ती धावत होती. आठव्याला उरलेल्या दोघी मागे पडल्या. शेवटची रेषा तिने ओलांडली तेव्हा घड्याळात दोन तास सत्तावन्न मिनिटे झाली होती.

गर्दीतून वाट काढत ती कट्ट्यावर आली. वस्तादांनी वेळ विचारली. तिने सांगितली.

“आठ दिवस झोप नाही मला,” ते म्हणाले. “वाटायचं, हिचं शेवटचं वर्ष मी वाया घालवलं.”

“मग सराव बदलला का नाहीत?”

“भीती वाटत होती, बाळ. पण तिचं ऐकायची घाई केली नाही.”

शिक्षिका त्यांच्या शेजारी बसली. आपल्याला काय शिकवले गेले, आणि शिकवणाऱ्याला ते किती जड गेले, हे तिला आत्ता उमगले. ती काही बोलणार, तोच तिच्या शाळेतल्या मुली हलगीवाल्याला पुढे घालून धावत आल्या आणि पहिली मूठ गुलाल त्यांनी वस्तादांच्या पांढऱ्या टोपीवर उधळला.